न सरलेला सप्टेंबर : संगणकावरील एका सभेचा इतिहास

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव चर्चेस आला होता, त्याचे स्मरण सभासदांपैकी पुष्कळांस असेल. आपल्या मंडळाचा व्हॉट्सॲपवरील समूह बंद करावा, असा तो ठराव होता. त्यामागील कारणही सर्वांस ठाऊक आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख समूहावर कळविण्यात आली होती. परंतु त्याच सकाळी आलेल्या सुप्रभातीच्या चित्रांखाली, वाढदिवसाच्या अभिनंदनाखाली आणि कोठून आले हे कोणासच माहीत नसलेल्या औषधोपचारांच्या सल्ल्यांखाली ती सूचना दिसेनाशी झाली. एका गुणी विद्यार्थिनीचा अर्ज चार दिवस उशिरा आला आणि नियमाप्रमाणे तो परत करावा लागला. पुढे तिच्या वडिलांचे पत्र कार्यवाहांकडे आले. त्यात रागाचा एक शब्दही नव्हता. "मंडळाचे पत्रक टपालाने येत असे, तेव्हा आम्ही ते देव्हाऱ्यापाशी खुंटीला अडकवून ठेवीत असू. आता दिवसाला दोनशे पत्रके येतात, त्यांतले मंडळाचे कोणते, ते आम्हास ओळखता येत नाही," एवढेच त्यांनी लिहिले होते.

ठरावावर दोन्ही बाजूंनी भाषणे झाली. नव्या लोकांनी समूह बिघडविला, असे ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे पडले. ज्येष्ठ मंडळी काही न सांगता समूहातून निघून गेली, असे तरुणांचे म्हणणे पडले. अखेर निर्णय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. या प्रश्नाचा काही पूर्वेतिहास असल्यास तो स्मरणिकेतून सभासदांपुढे ठेवावा, अशी सूचना निघाली व ते काम आमच्याकडे आले. आम्ही शोधू लागलो तेव्हा असे दिसून आले की, हे दुखणे केवळ आपले नाही. संगणकाच्या साहाय्याने दूरदूरच्या माणसांनी एकत्र येऊन बोलावे, या उद्योगास चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. अशा अनेक सभा जन्मल्या, भरभराटीस आल्या, आणि काही लयासही गेल्या. सामान्यतः सभासंस्थांचा इतिहास लिहिणारास इतिवृत्ताच्या वहीवर भिस्त ठेवावी लागते; कोण काय बोलले याचा सारांश तेवढा हाती लागतो. येथे मात्र बोलणे हेच लेखन असल्यामुळे सभेतील शब्द न् शब्द पुष्कळ अंशी जसाच्या तसा राहिला आहे. त्यांतील सर्वांत जुन्या व मोठ्या सभांपैकी एकीची, म्हणजे यूजनेटची, कथा येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

१९७९ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे दोन विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्या काळी संगणकांना जोडणारे आर्पानेट नावाचे एक जाळे होते. परंतु ते सरकारी संरक्षण खात्याच्या पैशावर चालत असल्याने त्या खात्याशी संबंध असलेल्या संस्थांनाच त्यात प्रवेश मिळे. ज्यांना प्रवेश नव्हता अशांनी आपसांत काही सोय करावी, ही या दोघांची कल्पना. जवळच्याच चॅपेल हिल येथील विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन याने त्यासाठी पहिली छोटी आज्ञावली लिहिली. व्यवस्था अगदी साधी होती. एका संगणकाने दुसऱ्यास टेलिफोन करावयाचा, आपल्याकडील नवे लेख त्याला द्यावयाचे, त्याच्याकडील आपण घ्यावयाचे. त्याने पुढे तिसऱ्यास टेलिफोन करावयाचा. टेलिफोनचे दर रात्री कमी असत म्हणून ही देवाणघेवाण बहुधा रात्रीच चाले. मध्यवर्ती कचेरी नाही, मालक नाही, वर्गणी नाही. या जाळ्यास लोक 'गरिबांचे आर्पानेट' म्हणू लागले. आरंभी तीन संगणक होते आणि दिवसाकाठी एखाददुसरा लेख येईल, असा संस्थापकांचा अंदाज होता.

अंदाज लवकरच चुकला. १९८३ च्या सुमारास सहाशे केंद्रे व दररोज सुमारे १२० लेख, तर १९८८ साली सुमारे ११,००० केंद्रे आणि दररोज १,८०० च्या आसपास लेख, अशी ही वाढ झाली. लेख विषयवार गटांत विभागलेले असत. त्या गटांना 'न्यूजग्रुप' म्हणत. एकात संगणकाच्या भाषांची चर्चा, दुसऱ्यात खगोलशास्त्राची, तिसऱ्यात पाककृतींची. एखाद्याने शंका विचारावी आणि सातासमुद्रापलीकडील, कधी तोंडही न पाहिलेल्या जाणकाराने दोन दिवसांनी तिचे सविस्तर उत्तर द्यावे, त्याबद्दल एक पैसाही घेऊ नये, असा तो व्यवहार होता. ज्ञानदानाची ही रीत आपल्याकडील वाचकांस नवी वाटणार नाही.

मालक नसलेल्या या सभेत शिस्त कशी राहिली, हा खरा कुतूहलाचा प्रश्न आहे. ती राहिली शिकविण्याने. जुन्या सभासदांनी नवागतांसाठी मार्गदर्शनपर टिपणे लिहिली आणि ती ठराविक मुदतीने पुनःपुन्हा प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडला. काही लिहिण्यापूर्वी काही दिवस नुसते वाचावे. ज्याला उत्तर द्यावयाचे त्याच्या लेखातील आवश्यक तेवढाच भाग उद्धृत करावा. विषय सोडून लिहू नये. एकट्याला सांगण्याची गोष्ट साऱ्या सभेत सांगू नये. वरचेवर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून ठेवण्याची पद्धतही येथेच रूढ झाली; आज बँकेपासून रेल्वेपर्यंत सर्वत्र जी 'नेहमीचे प्रश्न' म्हणून पाने दिसतात, त्यांचा प्रसार येथूनच झाला. ही टिपणे लिहिणाऱ्यांस कोणी नेमले नव्हते व कोणी वेतनही देत नव्हते. सभा आपली आहे, ही जाणीव हेच त्यांचे वेतन.

या शिस्तीची परीक्षा दरवर्षी सप्टेंबर महिन्यात होई. अमेरिकेतील विद्यापीठांची सत्रे त्या सुमारास सुरू होतात. नवे विद्यार्थी येत, त्यांना प्रथमच संगणक हाताळावयास मिळे व ते उत्साहाच्या भरात या सभेत शिरत. मग विषय सोडून लेख, तेच तेच प्रश्न, वडीलधाऱ्यांस उद्धट उत्तरे, असा गोंधळ महिना-दोन महिने चाले. जुनी मंडळी कपाळाला आठ्या घालीत, रागावत, समजावीत. दिवाळीच्या सुमारास सारे स्थिरस्थावर होई. काही विद्यार्थी कंटाळून जात. जे राहत ते सभेची रीत शिकत, आणि विशेष हे की, पुढील सप्टेंबरात नव्यांना समजावण्याचे काम तेच अंगावर घेत. आपल्या पंगतीत पहिल्या पंक्तीला जेवून उठलेली तरुण मंडळी कमरेला पंचा गुंडाळून दुसऱ्या पंक्तीला वाढावयास लागतात, तशातलाच हा प्रकार होता. पंक्ती कितीही उठोत, वाढपी कमी पडत नसत.

असे असले तरी त्या सुवर्णकाळातही भांडणे होतीच, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गट वाढले तसा टेलिफोनचा खर्च वाढला. हा खर्च काही थोडी मोठी केंद्रे सोशीत होती आणि त्यांच्या चालकांचे वजन साहजिकच अधिक होते. १९८६-८७ मध्ये त्यांनी सर्व गटांची नव्याने मांडणी केली. संगणक, विज्ञान, समाज, करमणूक, सभेचे स्वतःचे कामकाज, संकीर्ण आणि वादविवाद अशा सात शाखा ठरल्या. त्यात एक व्यावहारिक हेतू असा होता की, ज्या गटांत केवळ वितंडवाद चाले ते एका बाजूस काढावेत, म्हणजे ज्यांना त्यांचा खर्च सोसावयाचा नाही, त्यांस, विशेषतः युरोपातील केंद्रांस, ते वगळता यावेत. या व्यवस्थेविरुद्ध मोठा गदारोळ झाला. ज्यांना काही थोड्या लोकांची ही सत्ता मान्य नव्हती अशांपैकी ब्रायन रीड, जॉन गिलमोर व गॉर्डन मॉफेट यांनी १९८७ साली 'आल्ट' म्हणजे पर्यायी नावाची निराळी शाखा काढली. मुख्य शाखांत नवा गट काढावयाचा तर मतदान घ्यावे लागे. या शाखेत कोणीही, कधीही, कशावरही गट काढावा. ज्यांनी मंडळातून फुटून दुसरे मंडळ निघताना पाहिले आहे, त्यांस हे सारे ओळखीचे वाटेल. तथापि या फुटीने सभा मोडली नाही. ज्याला शिस्त हवी तो एका दालनात, ज्याला मोकळीक हवी तो दुसऱ्यात, अशी सोय होऊन ती वाढतच गेली.

या सभेतून जगास काय मिळाले, तेही सांगणे अवश्य आहे. ६ ऑगस्ट १९९१ रोजी टिम बर्नर्स-ली याने आपल्या 'वर्ल्ड वाइड वेब' या उपक्रमाची माहिती यूजनेटच्याच एका गटात दिली. त्याच महिन्याच्या २५ तारखेस हेलसिंकी येथील लायनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक संगणकप्रणाली तयार करीत असल्याचे दुसऱ्या एका गटात लिहिले व त्यात काय असावे, हे वाचकांस विचारले. तीच पुढे लिनक्स या नावाने जगभर गेली. परदेशी गेलेल्या भारतीयांसही ही सभा मोठा आधार झाली. भारतीय समाज व संस्कृती यांसाठी एक गट होता आणि १९९० नंतरच्या दशकात मराठी भाषकांचाही निराळा गट तेथे चालत असे. देवनागरी लिपी पडद्यावर सहज उमटत नसे, तेव्हा ही मंडळी रोमन अक्षरांत मराठी लिहीत. देशापासून हजारो कोस दूर, बर्फाळ प्रदेशातील वसतिगृहात एकट्या बसलेल्या विद्यार्थ्यास आपल्या भाषेतील चार ओळी दिसाव्यात, याचे मोल ज्यांनी अनुभवले तेच जाणोत.

आता आम्ही या कथेच्या मर्मस्थानी येत आहोत. १९९३ च्या उत्तरार्धात व १९९४ च्या आरंभी खाजगी कंपन्यांनी आपल्या वर्गणीदारांस यूजनेटचे दार उघडून दिले. त्यांत 'अमेरिका ऑनलाइन' ही कंपनी प्रमुख होती. वर्षातून एकदा विद्यार्थ्यांची एक लाट यावी, त्याऐवजी आता रोजच्या रोज हजारो नवे लोक येऊ लागले. त्यांना सभेची रीत सांगणारा कोणी नव्हता. ही एक सभा आहे, तिला काही पूर्वपरंपरा आहे, हेच पुष्कळांच्या गावी नव्हते. वर्गणी भरून मिळालेली ती एक सेवा आहे, अशी त्यांची समजूत होती. दोष त्यांचा नव्हता, कारण कंपनीने त्यांना तेवढेच सांगितले होते. जानेवारी १९९४ मध्ये डेव्ह फिशर नावाच्या एका जुन्या सभासदाने लिहिले की, १९९३ चा सप्टेंबर कधी संपलाच नाही, अशी इतिहासात नोंद होईल. तेव्हापासून त्या काळास 'न सरलेला सप्टेंबर' असे नाव पडले.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. जुन्या मंडळींनी त्या वेळी नव्यांच्या अडाणीपणास दोष दिला, आणि आजही ही कथा सांगणारे बहुधा तसाच दोष देतात. आम्हास ते बरोबर वाटत नाही. १९८४ च्या सप्टेंबरात आलेला विद्यार्थी १९९४ साली आलेल्या वर्गणीदारापेक्षा जात्या अधिक सभ्य होता, असे मानण्यास काही आधार नाही. फरक वेगाचा होता. पूर्वी एक लाट येई आणि तिला मुरण्यास दहा महिने मिळत. त्या दहा महिन्यांत नवागताचा जुना सभासद होई. आता तो अवधीच उरला नाही. पहिली पंक्त ताटावरून उठण्यापूर्वीच दुसरी व तिसरी पंक्त येऊन बसली; वाढपी जुनेच, तेवढेच, आणि तेही दमलेले. सभा माणसांच्या संख्येने मोडली नाही. येणाऱ्यांची संख्या शिकविणाऱ्यांच्या शक्तीपलीकडे गेली, म्हणून ती मोडली.

संकट एकटे येत नाही. १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोना राज्यातील लॉरेन्स कँटर व मार्था सीगल या वकील दांपत्याने अमेरिकेत कायम वास्तव्याच्या परवान्यासंबंधी आपल्या व्यवसायाची जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांत एकाच वेळी टाकली. पाककृतींचा गट असो की खगोलशास्त्राचा, सर्वत्र तीच जाहिरात. सभासद संतापले; निषेधाच्या पत्रांचा असा वर्षाव झाला की, ज्या कंपनीमार्फत हे दांपत्य सभेत येत असे तिचे संगणकच बंद पडले. परंतु दांपत्यास पश्चात्ताप झाला नाही. उलट अशा जाहिरातीचा धंदा कसा करावा, यावर त्यांनी पुस्तक काढले. मालक नसलेल्या घरात कोणी येऊन भिंतीवर जाहिरात चिकटविली, तर ती काढावयाची कोणी, हा प्रश्न प्रथमच उग्र रूपाने उभा राहिला. अशा जाहिराती आपोआप पुसणारी यंत्रे काही सभासदांनी तयार केली; पण पुसण्याची तीच युक्ती इतरांचे सरळ लेख पुसण्यासाठीही वापरता येई, आणि तशी ती वापरली गेली. परस्परविश्वासावर चालणाऱ्या व्यवस्थेत विश्वास गेला की कुलपे लावावी लागतात, आणि कुलपे लावली की किल्ल्यांवरून भांडणे होतात.

यानंतरचा ऱ्हास शांतपणे झाला. त्याची तिथी सांगता येत नाही. कारण जुने सभासद भांडून गेले नाहीत, ते लिहिनासे झाले. प्रथम शंकांना उत्तरे देणारे गेले; मग उत्तर मिळत नाही म्हणून शंका विचारणारे गेले; राहिले ते भांडणारे आणि जाहिराती टाकणारे. काहींनी आपली लहान लहान खाजगी मंडळे काढली. पुढे मोठमोठ्या धारिका पाठविण्यासाठीच या जाळ्याचा वापर होऊ लागला आणि त्याचा बोजा कंपन्यांस नकोसा झाला. अमेरिका ऑनलाइनने २००५ साली आपल्या वर्गणीदारांसाठी यूजनेटचे दार बंद केले. ज्या ड्यूक विद्यापीठात या सभेचा जन्म झाला, तेथील यूजनेटचा संगणक २० मे २०१० रोजी बंद करण्यात आला. गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून तेथील नवे लेख घेणे थांबविले. यूजनेट अद्याप पूर्णतः नाहीसे झालेले नाही. काही गटांत जुनी-नवी थोडी माणसे आजही बोलतात. परंतु चावडी ओस पडली, हे खरे.

एका गोष्टीबद्दल मात्र त्या जुन्या लोकांचे आभार मानले पाहिजेत. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील हेन्री स्पेन्सर याने १९८१ पासून सुमारे दहा वर्षांचे लेख शंभरावर चुंबकीय फितींवर जपून ठेवले होते. कोणी सांगितले नव्हते. फेकून देणे त्याच्या जिवावर आले, एवढेच. २००१ साली गूगलने वीस वर्षांचे सुमारे ७० कोटी लेख अभ्यासकांस खुले केले, तेव्हा आरंभीच्या काळाचा मोठा भाग या फितींतूनच मिळाला. मंडळाची जुनी इतिवृत्ते ज्यांनी वाळवीपासून वाचविली, त्या आपल्या दिवंगत कार्यकर्त्यांची आठवण आम्हास या ठिकाणी झाल्याशिवाय राहिली नाही.

मग अशा सभांच्या नशिबी ऱ्हासच लिहिलेला आहे काय? तसे म्हणता येत नाही. १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोनजीक स्टुअर्ट ब्रँड व लॅरी ब्रिलियंट यांनी 'द वेल' नावाची सभा काढली. तेथे वर्गणी होती, खऱ्या नावानेच बोलावे लागे आणि प्रत्येक दालनास एक यजमान असे. ही सभा कधीच फार मोठी झाली नाही. मालक बदलत गेले. अखेर २०१२ साली सभासदांनीच पैसे जमवून ती विकत घेतली. लहान राहण्याची किंमत देऊन ती टिकली. याच्या उलट धोकाही असतो. इंग्रजी विकिपीडिया या ज्ञानकोशात लिहिणाऱ्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ साली शिखरास पोहोचली व नंतर घटू लागली. संशोधकांनी कारण शोधले तेव्हा असे आढळले की, वाढत्या वर्दळीस आवर घालण्यासाठी जे नियम व जी यंत्रे आणली, त्यांच्यामुळे सद्हेतूने आलेल्या नवागताचेही लेखन तडकाफडकी काढून टाकले जाई आणि तो पुन्हा फिरकत नसे. यूजनेटचे दार सताड उघडे राहिले. विकिपीडियाच्या दारावरचा पहारेकरी फार कडक झाला. परिणाम एकच, उद्याचे वाढपी तयार झाले नाहीत. ही चूक ध्यानी आल्यावर २०१२ साली तेथे नवागतांसाठी 'टीहाउस', म्हणजे चहाघर, या नावाचे एक दालन उघडण्यात आले. कितीही साधा प्रश्न असो, न हसता त्याचे उत्तर द्यावयाचे, हा तेथील दंडक आहे.

मराठी माणसानेही या क्षेत्रात कर्तबगारी दाखविली आहे. 'मायबोली' १९९६ पासून, 'मनोगत' २००४ पासून, तर 'मिसळपाव' व 'उपक्रम' २००७ पासून, अशी संकेतस्थळे निघाली. कोणी शुद्धलेखनावर भर दिला, कोणी गप्पांच्या मोकळेपणावर, कोणी माहितीपर लेखनावर. आधीच्या स्थळावरील पुष्कळ मंडळी पुढच्या स्थळांवर गेली. रुसवेफुगवे झाले, नवे संसार मांडले गेले. परंतु मायबोलीने गणेशोत्सव व दिवाळी अंक यांसारखे उपक्रम सभासदांकरवी चालविले, हे आम्हास विशेष वाटते. अंकासाठी दरवर्षी नव्या हातांना काम मिळते, आणि काम करणारा माणूस पाहुणा राहत नाही.

पुढे भ्रमणध्वनी आला आणि सभा प्रत्येकाच्या खिशात शिरली. व्हॉट्सॲपवरील एका समूहात २०१६ साली २५६ माणसे घेता येत. २०२२ च्या अखेरीस ही मर्यादा १,०२४ झाली. यूजनेटवर लेखकाचे नाव लेखाबरोबर जाई. येथे पुढे ढकललेल्या मजकुराचा मूळ कर्ता कोण, हेच कळत नाही. त्याचे भयंकर फळ महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. तशा अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पसरत होत्या. त्याच महिन्यात भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा कंपनीने जाहीर केली. 'कोठून आले ठाऊक नाही, पण पाठविले' हे वाक्य किती घातक आहे, ते आपल्या समूहातील प्रत्येकाने या घटनेवरून ओळखावे.

हा इतिहास पाहिल्यावर तहकूब ठरावासंबंधी आमचे मत सांगणे प्राप्त आहे. समूह बंद करू नये. परगावी व परदेशी असलेल्या आपल्या मुलांना मंडळाशी जोडणारा तोच एक धागा आहे. परंतु आहे तसाही तो चालू ठेवू नये. मंडळाच्या सूचनांसाठी, जेथे केवळ पदाधिकारीच लिहू शकतील, असा निराळा समूह करावा. तशी सोय २०१८ पासून उपलब्ध आहे. गप्पांचा समूह त्यापासून वेगळा ठेवावा आणि तेथे अभिनंदनांस व सुप्रभातीस कोणी आडकाठी करू नये. माणसांना एकमेकांची वास्तपुस्त घ्यावीशी वाटते, हा काही अपराध नव्हे. नवीन सभासदास समूहात घेताना कोणी एकाने त्याच्याशी प्रत्यक्ष बोलून आपली रीत सांगावी. समूहाची देखरेख एकाच व्यक्तीच्या गळ्यात न घालता दर तीन महिन्यांनी दोघांकडे द्यावी. त्यांपैकी एक ज्येष्ठ असावा व एक गेल्याच वर्षी आलेला असावा. महत्त्वाच्या सूचनांची वर्षाअखेर छापील नोंद ठेवावी.

याहून अवघड विनंती आमच्या ज्येष्ठ सभासदांस आहे. यूजनेटच्या इतिहासात ज्या क्षणी नव्यांना शिकविण्याची सर्वाधिक गरज होती, त्याच क्षणी जाणते लोक कंटाळून उठून गेले. त्यांचा कंटाळा समजण्यासारखा होता, परंतु त्यांच्या उठण्याने सभा ओस पडली. आपल्या समूहातून गेल्या दोन वर्षांत जे वडीलधारे निघून गेले त्यांनी परत यावे, आणि तरुणांनी त्यांना स्वतः घरी जाऊन बोलवावे. यंत्रातून पाठविलेले आमंत्रण या कामी पुरणार नाही.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची या वर्षीची अखेरची तारीख याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत छापली आहे. ते पान कापून घ्यावे आणि खुंटीला अडकवून ठेवावे, अशी सर्व कुटुंबांस आमची आग्रहाची विनंती आहे. गेल्या वर्षी ज्या विद्यार्थिनीचा अर्ज परत गेला, तिच्या घरी हे पान कार्यवाह स्वतः नेऊन देणार आहेत.